प्लगमधलं कुंकू

गुरुवार, संध्याकाळ

माझी इलेक्ट्रिक स्कूटर चालू झाली. मीच केली.

गाडी सारखी मध्येच बंद पडायची. काल शोरूमचा मेकॅनिक म्हणाला, "बॅटरी गेली, अक्का. नवीन घाला. उघडू नका, तुमचं काम नव्हे ते." मी मान हलवून आले. का हलवली? घरी ह्यांनी तर गाडी विकायचंच ठरवलं. "कॉलेजला बस आहेच की." गाडी माझी, आणि ठरवणार हे?

आज स्विच बंद केला, रबरी हातमोजे घातले आणि बॅटरीचा प्लग ओढला. आत लाल. गंज वाटला. काडीनं खरवडलं, तर कुंकू. खंडेनवमीला गाडी धुतल्यावर ओल्या प्लगलाच मी हळदकुंकू लावलं होतं. गाडीचा जीव तिथंच, म्हणून. पाण्याबरोबर ते आत झिरपलं. म्हणजे चूक माझीच.

प्लगच्या पिना कापसानं पुसल्या, वाळवल्या, प्लग घट्ट बसवला. केशवापूर ते विद्यानगर जाऊन आले. एकदाही बंद पडली नाही.

हे म्हणाले, "कुंकवाचं शोरूममध्ये सांगू नकोस. हसतील."

हसू देत. चूक सांगणारच. पण बॅटरी गेली नव्हती, हेही त्यांच्याकडून वदवून घेणार. न उघडताच कसं सांगितलं?

लाल झालेला कापूस पुडीत बांधून पर्समध्ये ठेवलाय. उद्या गाडीवरूनच जाईन आणि पुडी त्यांच्या टेबलावर उघडीन.