स्वयंपाकघरातल्या फोनचा फिल्टर

आई,

लाइनमनला बोलावू नकोस, लाइन ठणठणीत आहे. स्वयंपाकघरातल्या फोनच्या वायरीवरचा छोटा फिल्टर महिन्यापूर्वी मीच काढला. तो नसला की फोन उचलताच नेट बंद पडतं, आणि मला म्हणता येतं, "आई, आटप आता, माझं काम अडलंय."

धाकटीशी तू रोज तासभर बोलतेस, खिदळतेस. माझ्या वाट्याला गोळ्या आणि भाजीची यादी.

काल तू तिला म्हणालीस, "ताईचा खोळंबा होतो गं, आता रविवारीच बोलू." ते ऐकून मला बरं वाटलं, आणि मग रात्रभर बरं वाटेना.

फिल्टर परत लावलाय. तिला आजच फोन कर, हवं तेवढं बोल. मी सहाला येते. त्यानंतरचा तासभर मात्र माझा.

– थोरली