खाटकाच्या ताटात सोया

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज ताटात खिमा! ऑपरेशनपासून दुधीभोपळा आणि मुगाच्या पाण्यावर जगतोय, म्हणून हावऱ्यासारखा हात पुढे केला. एक घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून बसलो.

"कसा झालाय, बाबा?" सूनबाई दारात उभी. "सोयाचा आहे. अगदी मटणासारखा लागतो."

मटणासारखा! उभा जन्म मटण कापून विकलं मी, आणि ते कसं लागतं हे मला शिकवतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

डॉक्टरने मीठ कमी केलं, साखर बंद केली, मटण तर कायमचं. त्याने काळीज शिवलंय, त्याचं ऐकावं लागतं. पण बंद तर बंद म्हणा ना — हे सोंग कशाला?

४ फेब्रुवारी

पुन्हा सोया. या वेळी कटलेट. बुटाचा तळवा बरा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हे प्रकरण होतं तरी कसं ते बघायला स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसलो. पाकिटातून वाळक्या वड्या निघतात. हातात घेतल्या तर वजन म्हणून नाही. सूनबाई त्या गरम पाण्यात टाकते, टम्म फुगल्या की मुठीत धरून पिळते. फेसाचं पाणी निघतं. पुन्हा धुवायच्या, पुन्हा पिळायच्या.

"पाणी राहिलं की मसाला आत मुरत नाही, बाबा."

"मटण कधी पिळावं लागलं नाही आम्हाला," मी म्हटलं. "पिळतात ती फडकी."

हसली नाही. मिक्सरमधून वड्या फिरवल्या, कांदा लाल केला, आलं-लसूण परतलं. तेवढ्यात चिरंजीव दुकान बंद करून आले. दारातूनच — "काय घमघमाट सुटलाय!"

कसला घमघमाट? मी चुलीपासून हातभर अंतरावर बसलो होतो, मला तर काही कळलं नाही. बायकोला खूश करायला पुरुष काय वाटेल ते बोलतो. मीही बोलायचो. पण ती होती तेव्हा निदान पातेल्यात मटण असायचं.

खाल्लं. भिजलेला पुठ्ठा. दुधाची तहान ताकावर भागवतात म्हणे. हे ताकही नव्हे, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी!

८ फेब्रुवारी, रविवार

आज ताट सरकवलं.

मुलगा भडकला. "बाबा, ती सकाळपासून राबतेय तुमच्यासाठी!"

मी स्पष्ट सांगितलं — येत्या रविवारपर्यंत वाट बघतो. मटण मिळणार नसेल तर दुकानामागच्या खोलीत राहायला जातो. माझं मी शिजवीन, माझं मी खाईन, मेलो तर माझा मी मरेन.

"आणि तिथे पुन्हा छातीत दुखलं तर? कोण आहे तिथे?"

"आधीच उपाशी मारताय, मग काळजी कसली?"

सूनबाईने काही न बोलता ताट उचललं. तिचं हे गप्प राहणं मला अजिबात खपत नाही. भांडावं माणसाने!

९ फेब्रुवारी

माळ्यावरून पेटी काढली. मुद्दाम बैठकीच्या मधोमध ठेवली. सगळे वळसा घालून जातात.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात जाऊन बसलो. एक जुनं गिऱ्हाईक भेटलं. लग्नाची जेवणं करणारा आचारी. म्हणाला, "काका, तुमच्यासारखी जीभ पुन्हा नाही पाहिली." खरंच आहे ते. पूर्वी हा माझ्यापुढे पातेलं आणून ठेवायचा. एका घासात मी सांगायचो — मांडीचं की पाठीचं, जनावर कोवळं की जून. पैजा लागायच्या. एकही हरलो नाही.

आणि अशा जिभेवर सोयाबीन! मुलाला तर दुकानातही सोया ठेवायचाय. "गिऱ्हाईक मागतात, बाबा." म्हटलं, मी मेल्यावर ठेव. आणि पाटीवरचं माझं नाव आधी पुसून टाक.

घरी आलो तर दोघं फोनवर डॉक्टरशी काहीतरी कुजबुजत होती. मला बघून गप्प झाली. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. सोयाच असणार!

१५ फेब्रुवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

दुपारी व्याही जेवायला आले. सूनबाईने पहिलं ताट मला वाढलं. कटलेट! पण आज सगळी माझ्या तोंडाकडे बघतायत, मुलगा गालात हसतोय. मी घास घेतला. चावला. तेच. तसूभर फरक नाही.

"व्याही," मी म्हटलं, "तुमच्या लेकीची प्रगती आहे हो! परवा बुटाचा तळवा होता, आज चपलेचा झालाय."

मी हसलो. एकटाच. सूनबाई तडक आत गेली.

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, मटण आहे ते. महिन्यातून एकदा थोडंसं चालेल म्हणालेत डॉक्टर. तिनेच त्यांच्या मागे लागून परवानगी मिळवली. तुम्ही जाऊ नये म्हणून."

"खोटं! बायकोची बाजू घेतोयस!"

तो उठला. फ्रिजमधून वाटी आणून माझ्यापुढे ठेवली. उरलेला कच्चा खिमा. मी बोटं घातली. मांडीचं. कोवळं. चरबी काढून दोनदा फिरवलेलं. बोटांनी क्षणात सांगितलं.

मग पुन्हा कटलेटचा तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. काहीच नाही.

व्याही रागावून उठतील असं वाटलं होतं. उठले नाहीत. त्यांनी ताटातलं सगळं संपवलं आणि आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "पोरी, फार सुरेख झालंय गं." त्यापेक्षा त्यांनी माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

घरात कुणी नाही असं बघून दोन वाट्या घेतल्या. एकीत मीठ, एकीत साखर, दोन्ही बारीक कुटून. डोळे मिटून वाट्या फिरवल्या, बोट बुडवलं, चाखलं. पुन्हा चाखलं. सूनबाई कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

"काय करताय, बाबा?"

मी दोन्ही वाट्या तिच्यापुढे धरल्या. म्हटलं, "यातलं मीठ कुठलं, तेवढं सांग गं."