खगोलाचा पेपर

२ मे
प्रिन्सिपल मॅडमनी तोंडावर सांगितलं — "क्लॅरिस, यंदाही थर्ड इयरला खगोलशास्त्र कोणी घेतलं नाही तर पेपर बंद." पेपर बंद म्हणजे मीही बंद! मी तासिका तत्त्वावरची, शिकवला तास तरच पैसे. आमच्याच फिजिक्सचा हर्षद परमनंट. त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला मुलं रांग लावतात, नोकरी मिळते म्हणे. माझ्या आकाशाने काय मिळतं? अंधेरीत धड चार तारे दिसत नाहीत.

७ मे
दुपारी डोळा लागला. स्वप्नात वर्गाला छप्परच नव्हतं आणि मी ताऱ्यांची हजेरी घेत होते. सगळे हजर! उठले तर लाइट गेलेली, घामाघूम.

८ मे
सुचलं! रात्री दिसत नाही ना आकाश? भर दुपारी दाखवते.

१६ मे
मुलांच्या ग्रुपवर टाकलं होतं — आमच्या गावठाणात या, आज साडेबारानंतर सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली नाहीशी होते. वाटलं, सुट्टीत उन्हात कोण येतंय मरायला. आले! अबोली तर अख्खी गँग घेऊन आली. मे म्हणजे मारियामातेचा महिना, म्हणून गावठाणातल्या क्रूसाला नुकताच चुना लावलेला, डोळे दिपत होते. क्रूसाची सावली आक्रसत आक्रसत चौथऱ्यात शिरली, गेली. सगळ्यांच्या माना वर. मम्मी क्रूसापुढे लावायची मेणबत्ती हातात घेऊन तशीच उभी — "बाय, सावली कुठं गेली गो?" मी म्हटलं, सूर्याने ठेवून घेतली. फिजिक्सची बाई मी, काय बोलून गेले! तरंगल्यासारखं वाटत होतं. आयुष्यभर हेच करायचंय मला. बस, हेच.

जाताना अबोली — "मॅम, इलेक्ट्रॉनिक्स गेलं खड्ड्यात!"

१२ जून
खगोलशास्त्राचा वर्ग फुल्ल! बाकं मागवावी लागणार. इलेक्ट्रॉनिक्सला दोनच टाळकी. मम्मीने आमच्यात लग्नाला करतात तसे मैद्याचे गोड फुगे तळले. झकास!

१५ जून
ऑफिसात बोलावलं. मुलं नाहीत म्हणून इलेक्ट्रॉनिक्स बंद, त्यामुळे हर्षदचे तास कमी पडतायत. परमनंट माणसाचे तास आधी भरायचे, नियमच आहे. म्हणून खगोलशास्त्र हर्षदला. मी घरी.

त्याची मुलं मीच पळवली ना! माझ्याच हाताने माझी वाट लागली.

१६ जून
हर्षदचा फोन. "यार क्लॅरिस, मला ध्रुवतारासुद्धा ओळखता येत नाही गं. शिकवशील?" आधी शिवी आली तोंडात. मग मुलांचे ते वर बघणारे चेहरे आठवले. म्हटलं, ये उद्यापासून. फोन ठेवला आणि ढसाढसा रडले.