तेजस्वी दिवाळीपर्यंत येणार

६ ऑक्टोबर
बाराव्या रहस्यकादंबरीचा आज मुहूर्त होता. टळला. समोर स्लॅबचं काम चाललंय, मिक्सरच्या आवाजात खून सुचत नाही. प्रकाशक फोन उचलत नाहीत. बिझी असणार.

९ ऑक्टोबर, सकाळ
योग! हुपरीच्या शालूबाई आल्या. संयोगिता, म्हणजे आमची सौ., त्यांच्याकडूनच चांदीचे पैंजण करून घेते. त्यांची मुलगी तेजस्वी बिद्रीजवळच्या सासरहून नाहीशी झालीय. जावई सम्राट म्हणतो, भांडून गेली. बाई पोलिसांत त्याचं नाव द्यायला निघालेल्या. संयोगिता लगेच चप्पल घालून सोबत तयार. मी दोघींना थांबवलं. ज्याच्यावर पहिला संशय, तो कधीच गुन्हेगार नसतो. अकरा पुस्तकांचा अनुभव आहे. शिवाय उद्या पोरगी परत आली, तर कुठल्या तोंडानं नांदेल?
बाई म्हणाल्या, तुमी शिकल्यालं, तुमाला कळतंय. थांबते की.
कथानक चालत घरी आलं.

१२ ऑक्टोबर
तेजस्वीच्या सासरी जाऊन आलो. सम्राट सज्जन. पावणं, च्या घेतल्याबिगार सोडणार न्हाय म्हणाला. माझी सगळी पुस्तकं वाचलीत म्हणे. एकाचंही नाव आठवेना, पण या मनःस्थितीत कुणाला आठवेल? मनगटाला पट्टी होती. विळा लागला. बिचाऱ्याचं कामात लक्षच नाही. माणसाचे डोळे मी वाचतो. नितळ आहेत.

१७ ऑक्टोबर
शालूबाई रोज फोन करतात. काय कळलं का, सायेब? मला सायेब कशाला म्हणतात कोण जाणे. मी दुरुस्त केलं नाही. दिवाळीपर्यंत येईल, असं ठाम सांगितलं. माझ्या पुस्तकांत हरवलेली बाई शेवटच्या आधीच्या प्रकरणात येतेच.
संयोगिता म्हणाली, अहो, ही गोष्ट न्हाय, बाईची पोरगी हाय. तपासात घरच्यांनी लुडबूड करू नये, असं सुनावलं. ती स्वतः हुपरीला जाऊन आली. पण बाई म्हणाल्या, सायेब थांबा म्हणत्यात. शेवटी अनुभवाला मान असतो.
लेखन: शीर्षक ठरलं. उद्यापासून रोज पाच पानं.

५ नोव्हेंबर
दिवाळी झाली. आली नाही. बाईंनी तिच्यासाठी साडी आणून ठेवली होती. तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा म्हणालो. उशिरानं उत्कंठा वाढते. फोनवर त्या नुसतंच व्हय म्हणाल्या.
पानं: अद्याप नाहीत.

२० नोव्हेंबर
ऊसतोड लागली. टोळीला सम्राटच्याच फडात ती सापडली. पदर शालूबाईंच्या ओळखीचा होता, बाकी ओळखण्यासारखं काही नव्हतं.
सम्राट घरात नाही. परवाच मोटरसायकलवरून गेला, फोन बंद.
पोलिसांनी शालूबाईंना विचारलं, इतके दिवस तक्रार का दिली न्हाई? त्यांनी माझं नाव सांगितलं. मला बोलावणं आलं. ओळख म्हणून एक पुस्तक बरोबर नेलं. इन्स्पेक्टरांनी न उघडताच परत दिलं. म्हणाले, हे तुमच्याकडंच राहू द्या. नाव दिलं असतंत, तर तो आमच्या ताब्यात असता.
नवराच खुनी. इतका सरळ प्लॉट कोण छापणार?

२३ नोव्हेंबर
हुपरीला गेलो. संयोगिता परवापासून तिथंच आहे. सांत्वनाची दोन वाक्यं तयार करून नेली होती. दारात कुणी म्हातारे बसले होते, त्यांनी विचारलं, हे कोण? शालूबाई म्हणाल्या, हे पुस्तकं लिवत्यात. मी ह्यांचं ऐकलं.
आवाजात राग नव्हता. असता तर काहीतरी बोलता आलं असतं.
कुणीतरी पाणी दिलं. प्यालो.
निघताना संयोगिताला विचारलं, घरी कधी येणार? ती आत गेली.
स्टँडवर बसची वाट बघत बराच वेळ उभा होतो. कुणी ओळखलं नाही. बरं वाटलं.