उंदरांच्या मागचा नंबर

२ ऑगस्ट, पेण
मेल्या. मेल्या एकदाच्या. आतड्याच्या कॅन्सरच्या त्या चिवट मूळपेशी, नुसत्या केमोला वर्षभर दाद देत नव्हत्या, आज मायक्रोस्कोपखाली आडव्या. आधी थायरॉइडचं हॉर्मोन, मग केमो. हॉर्मोनने त्या वयात येतात, बाकीच्यांसारख्या साध्या होतात, आणि साध्या झाल्या की केमो त्यांना सोडत नाही. लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "योगायोग असेल. पुन्हा कर." करते ना. दहादा करते.
लॅबमधून परतताना पेणला उतरून एकटीनेच वडापाव खाल्ला. दोन.

९ ऑगस्ट, रोहा
घरी. बाबांना सगळं सांगितलं. त्यांचं आतड्याचं ऑपरेशन, केमो, सगळं मागच्या वर्षी उरकलं, पण ते परत उलटेल ही धास्ती घरातून गेलेली नाही. बाबा कंपनीत फिटर होते, त्यांना सगळं व्हॉल्वच्या भाषेत सांगावं लागतं. शेवटी म्हणाले, "म्हणजे तुझी आई सकाळी घेते ती थायरॉइडची गोळी?"
साधारण तीच, म्हटलं. खुशीत होते मी.

१९ ऑगस्ट
दुसऱ्यांदाही मेल्या. मॅडमनी स्वतः मायक्रोस्कोपला डोळा लावला. मग, "चहा घेतेस?" हे त्यांनी लॅबमध्ये आजवर कुणाला विचारलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रोहा
सकाळी आईचा फोन. "गो पोरी, बाबांच्या छातीत धडधडतंय, हात कापतायत. आणि माझ्या गोळ्यांची बाटली तळाला गेली, मी तर रोज एकच घेते."
तशीच निघाले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, गोळ्या बंद, हळूहळू उतरेल. परत येताना रिक्षात मी तोंड सोडलं. बाबा, ते काचेच्या बशीत झालंय, बशीत. माणसाला असं अजून दिलेलं नाही. आणि केमोशिवाय नुसतं हॉर्मोन घेऊन...
"तू येवढी खूश होतीस," बाबा म्हणाले. "मला वाटलं झालं काम."
इतका राग आला की रडूच आलं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

८ सप्टेंबर, पेण
तिसऱ्यांदा! आणि या वेळी सगळं लॅबमधल्या दुसऱ्या मुलीने केलं, माझं बोटही लागलं नाही. तरी मेल्या. म्हणजे योगायोग नाही, हातगुणही नाही. खरंच आहे. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. उंदरांवर करायची परवानगीही आली. जिन्यात जाऊन नाचले. वॉचमनने बघितलं. बघू दे.
बाबांची धडधड पूर्ण थांबली, आईने कळवलं. आज जे मागावं ते मिळतंय.

१४ सप्टें., रोहा
आईने घावणे केले. गोळ्यांची बाटली आता तिच्या कमरेच्या बटव्यात असते, बाबांनी पाणी मागितलं तरी ती आधी बटवा चाचपते. खूप हसलो.
उद्या बाबांचा स्कॅन. नेहमीचाच, पण दिवसभर कुणी विषय काढला नाही. मग जेवताना बाबाच म्हणाले, "उंदरांनंतर कोण?"
माणसं. पण वर्षं जातात बाबा त्यात.
"जाऊ देत की. उंदरांच्या मागं माझा नंबर लावून ठेव. मला लागला नाय तर दुसऱ्या कुणाला दे."
लावला, म्हटलं. आईने त्यांच्या ताटात आणखी एक घावण वाढलं.
सकाळी सातला निघायचंय.