उत्रोलीच्या बारशात मी पंचा कुठे धरला

भोर, मंगळवार

ती. स्व. गेनबामामांच्या पायाशी भाचा ज्ञानू याचा दंडवत. इकडे आई-दादा खुशाल आहेत, मी जिवंत आहे. मामींचा गुडघा आता कसा आहे? आईने सांगितलं आहे की तेल कोमट करून लावा, गार तेलाने गुडघा बिघडतो, आणि बिघडला की मामी आपल्यावर चिडतात, हे सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. म्हैस व्याली असेल तर रेडा की पारडी ते कळवणे. पारडी असेल तर आई खरवसाला येणार आहे, रेडा असेल तर तिची तब्येत बरी नाही.

पत्रास कारण असं की, दुधाच्या टेम्पोवाल्याने आपल्या भोंगवलीत येऊन माझ्याविषयी काय सांगितलं असेल ते मी इथे बसून ऐकू शकतो. (म्हणजे डाव्या कानाने. उजव्यात शनिवारपासून शिट्टी वाजते.) ज्ञानूने उत्रोलीच्या बारशात घाणेरडा पिक्चर लावला, असं तो सांगेल. तसं काही नाही मामा. आपण माझे सख्खे मामा, तेव्हा खरं काय ते आपल्याला माझ्याकडूनच कळावं. किराणा दुकानातल्या फोनवर सांगितलं असतं, पण तिथे आपल्याबरोबर रांगेतली दहा माणसं ऐकतात आणि दोन सल्ला देतात. आणि समक्ष आलो की माझं बोलणं चढतं, हे आपण पाहिलेलंच आहे. मागच्या खेपेला मी आपल्या शेजाऱ्याला बांधाविषयी दोन शब्द समजुतीचे सांगायला गेलो आणि तो अजून आपल्याशी बोलत नाही.

तर सुरुवात कॉलेजपासून करतो, कारण दादांनी आपल्याला एवढंच सांगितलं असणार की पोराचं डोकं चालेना म्हणून सोडलं. डोकं चालत होतं, पण एकाच दिशेला. उत्रोलीच्या कोंडिबाअण्णांची नूतन माझ्याच वर्गात होती. (आपल्याला मुलगी नाही हे किती बरं आहे मामा, नाहीतर हे पत्र मला आपल्याला लिहिताच आलं नसतं.) दीड वर्ष मी तिच्याकडे पाहिलं, एवढाच माझा अभ्यास झाला. मग एक दिवस एक उंच पोरगा तिला फाटकापाशी डबा देताना आणि वर तिच्या डोक्यावर टपली मारताना दिसला. पिक्चरमध्ये अशा वेळी हिरो काय करतो? मीही तेच केलं. पोरगा गटारात पडल्यावर कळलं की तो तिचा मावसभाऊ भिमा, आणि डब्यात तिच्या मावशीने केलेली पुरणाची दिंडं होती. ती दिंडंही गटारात गेली. प्रिन्सिपॉलांनी माफी लिहून मागितली, मी म्हटलं लिहीन पण दिंडांची लिहीन, भिमाची नाही. तिथे माझं शिक्षण थांबलं.

त्यानंतर मी उस्मानचाचांच्या हाताखाली लागलो. चाचा रंगीत टीव्ही आणि सीडीचं मशीन भाड्याने देतात. बारसं, पूजा, जावळ, काहीही असो, भोरपासून पार वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत सामान टेम्पोत घालून न्यायचं, लावायचं आणि चालवायचं, हे माझं काम. चाचांचा नियम एकच. ते म्हणाले, "बेटा, आपण लोकांच्या घरात जातो. सासरा बसतो, सून बसते. दोघं जवळ आली की बटण दाब आणि पुढे पळव. बटण नाही चाललं तर पंचा धर. आमच्या घरात पिक्चर बघताना मी स्वतः उठून खिडकी लावायला जातो. खिडकी लावलेली असली तर उघडायला जातो." चाचा दाढी पांढरी झालेला माणूस, त्यांचा शब्द मी मोडला नाही. वर्षभर मी असा काही पंचा धरला मामा, की वेल्ह्याकडच्या वाड्यांत लोक मला पंचावाला म्हणू लागले.

पण टीव्हीच्या शेजारी, माणसांकडे तोंड करून वर्षभर उभं राहिलं की माणूस पिक्चर बघत नाही, माणसं बघतो. आणि मी जे बघितलं ते आपल्याला सांगतो. पडद्यावर हिरो चौदा जणांची हाडं मोडतो, एकाचं डोकं कडब्याच्या पेंढीसारखं भिंतीवर आपटतो, तेव्हा आजी मांडीवरच्या नातवाला वरणभात भरवत असते. घास चुकत नाही. आणि त्याच हिरोने हिरॉइनच्या खांद्यावर हात ठेवला की सगळ्या घराला काम आठवतं. कुणाला बैल बांधायचा राहिला, कुणाला खोकला, कुणाची चूल. आज्यांना पदर सावरायचा असतो, पुरुषांना छताचा वासा तपासायचा असतो. चिनी पिक्चर असला तर निर्धास्त, त्यात तीन तास लाथा असतात आणि बाई असलीच तर तीही लाथाच मारते, असला पिक्चर पूजेला चालतो. मद्रासीत आधी थोबाडीत आणि मग गाणं. मुंबईवाले ऐन वेळी दोन फुलं एकमेकांना टेकवतात आणि पुढच्या रिळात बाळ रडतं. वेल्ह्याकडे फुलाबाई नावाच्या एका आजीने मला अडवून विचारलं होतं की, "तू मधलं समदं पळीवतोस, मग पोर आलं कुठनं? गोठ्यातनं?" मी म्हटलं, आजी, सीडीला चरा आहे.

एकदा चाचांच्या बोटीवरच्या जावयाने कोरियाची एक मालिका आणली, सोळा सीड्या. भाषा कुणालाच कळेना, तरी उत्रोलीच्या बायांनी गणपतीत चार दिवस बसून बघितली आणि बोलणीही आपली आपणच घातली. त्यात तो पोरगा पंधरा सीड्या नुसता तिच्यावर छत्री धरतो. सोळाव्या सीडीत तो एकदाचा हात पुढे करतो. आता गडबड होणार म्हणून मी बटण दाबलं, आणि ते असं दाबलं गेलं की थेट दोघं म्हातारी होऊन बाकावर बसलेली. बाया मला जे बोलल्या ते मी पत्रात घालत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर नूतन भेटली. टायपिंगच्या क्लासला येते ती. मी वर्षभर मनात तयारी केलेली, पुढे झालो आणि तिचं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं, जसं धरतात तसं. मामा, तिने छत्रीची मूठ अशी काही माझ्या नाकावर दिली की मला दोन एसट्या दिसल्या आणि दोन्ही महाडला चाललेल्या. मग म्हणाली, "माझं मनगट हाय ते ज्ञानू, बैलाचा कासरा न्हाई." मी नाक धरून म्हटलं, पिक्चरमध्ये असंच असतं. तर ती म्हणाली, "तुला काय ठावं? तू मधलं कधी बगितलंस? त्या कोरियाच्या पोरानं हात फुडं केला आन् थांबला. ती देती का न्हाई म्हनून थांबला. तेवडंच बगायचं हुतं आमाला, आन् तेवडंच तू पळीवलंस."

एवढ्यावर थांबली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण एसटीला उशीर होता. म्हणाली, "आन् त्या मद्रासी पिक्चरमदी त्यानं तिला फाडदिशी मुस्काडात मारली, तवा तुजा पंचा कुठं हुता? आमची आजी निवांत शेंगा सोलत हुती. आमचा दादा हसला. आन् तोच गडी रडून तिचे डोळे पुसाय लागला, तवा तू आरतीला उभं ऱ्हावं तसा पंचा घिऊन उभा. लाज कशाची वाटाय पायजे रं, मारल्याची का पुसल्याची?" एसटी आली, ती गेली. मी तिथेच उभा राहिलो. कंट्रोलरने दोनदा विचारलं कुठं जायचंय.

मला राग आला की मी विचार करत नाही, हे आपण जाणता. पण या वेळी राग मला माझाच आला, आणि तो महिनाभर उतरला नाही. त्यात शनिवारी नूतनच्या भावाच्या पोराचं बारसं आलं. कोंडिबाअण्णांनी टीव्ही सांगितला. मी ठरवलं, चाचांचा नियम आज उलटा फिरवायचा. पंचा धरायचा, पण मारामारीवर. जवळीक दिसू द्यायची. नूतनला बघू दे की ज्ञानू माणूस आहे.

दुपारी नाव ठेवून झालं, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. पडवीत साठ-सत्तर माणूस. पिक्चरमध्ये दोघं जवळ आली. मी हाताची घडी घालून बाजूला उभा राहिलो. सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे. मामा, खरं सांगतो, त्या हिरोने तिच्या पायातला काटा काढला, पायावर फुंकर घातली, तिच्या कपाळाला कपाळ टेकवलं, आणि पुढे काही होणार एवढ्यात पिक्चर काढणाऱ्यानेच कबुतर उडवलं. एवढंच. वाड्यांमधून वर्षभर मी काय झाकत होतो, तर कबुतर! खोकला नाही, चूल नाही, कुणी उठलं नाही. नूतनची आजी अंबूबाई घुगऱ्या चावत म्हणाली, "बरा हाय की गडी. आमच्या ह्यांनी जलमात काटा काढला न्हाई." बाया हसल्या. टेम्पोवाला ज्याला घाणेरडा पिक्चर म्हणतो तो हा, काट्याचा.

भांडण झालं ते पुढे. शेवटची मारामारी आली आणि मी पंचा ताणून टीव्हीपुढे उभा राहिलो. आधी गड्यांना वाटलं थट्टा करतोय. मग कुणीतरी ओरडलं, "आरं सर की, आता तर मजा हाय!" मी म्हटलं, ही बघण्यासारखी गोष्ट नाही. पंच्याआडून धाडधाड आवाज येत होते, चौदा माणसं पडत होती आणि एकही दिसत नव्हता. तीन तास ज्यासाठी बसले तेच गेलं म्हटल्यावर गडी उठले. एकाने पंचा ओढला, मी सोडला नाही, दुसऱ्याने मला ओढला, आणि मग टीव्हीपुढे मीच सुरू झालो. सगळ्यांत पुढे भिमा होता. गटाराचं व्याज त्याने उजव्या कानावर फेडलं. आणि मामा, मार खाता खाता मी बघितलं, कारण बघायची सवय लागली आहे. कुणाचा बैल बांधायचा राहिला नव्हता. कुणी खोकलं नाही. मागच्यांनी पुढच्यांना खाली बसायला सांगितलं. अंबूबाईने मान वाकडी करून म्हटलं, "सरा की रं जरा, दिसंना."

मी हात उचलला नाही. हे आपण मामींना मुद्दाम वाचून दाखवा.

आणि तेव्हा जे झालं ते आता लिहितो. नूतन बायांमधून उठली, पडलेला पंचा उचलला, आणि दोन्ही हातांनी ताणून माझ्यापुढे धरून उभी राहिली. तिच्या पाठीशी सगळी पडवी, मधे पंचा, अलीकडे मी. कुणाला मी दिसेना. मारणारे थांबले, कारण दिसत नसेल तर मारून उपयोग काय? टीव्हीतला हिरो एकटाच धापा टाकत होता. आणि मागून कुठल्या तरी चावट बाईने आवाज दिला, "आगं बया, आंतरपाट धरलाय की गं!" बस. सगळ्यांच्या हातात घुगऱ्या होत्याच. अक्षता पडाव्या तशा त्या आमच्यावर पडल्या, बाया हसून लोळायच्या बाकी राहिल्या, आणि कोंडिबाअण्णांचा चेहरा जांभळा झाला.

त्याचा परिणाम असा की गावात दुसरं बोलणं नाही, आणि बोलणं थांबवायला अण्णांनी येत्या रविवारी कामथडीचे पाहुणे नूतनला बघायला बोलावले आहेत. मुलगा चांगला आहे म्हणतात. असू दे. माझं काय व्हायचं ते होईल, आपण काळजी करू नये. चाचांनी टीव्ही परत नेला, मला काढलं नाही, फक्त म्हणाले, "बेटा, पिक्चर संपेपर्यंत तरी थांबायचं." आपली प्रकृती जपावी. मामींना नमस्कार, लहानांना गोड पापा.

आपला नम्र भाचा,
ज्ञानू

ता. क. माझं काय व्हायचं ते होऊ देऊ नका मामा. आपण दरवर्षी अण्णांकडून आंबेमोहराचं बी नेता, ते आपला शब्द मानतात. शनिवारी सकाळच्या एसटीने उत्रोलीला जा आणि नूतनला माझ्यासाठी मागणी घाला. मी कॉलेज पुन्हा सुरू करतो, भिमाची माफीही लिहितो. दिंडांची वेगळी लिहितो.

ता. क. दोन. मी हात उचलला नाही हे खरंच आहे. पण सोडवायला एक माणूस मधे आला, त्याच वेळी माझी लाथ चिनी पिक्चरसारखी आपोआप गेली, आणि तो माणूस म्हणजे अण्णा निघाले. तेव्हा आधी बियाण्याचं बोला, चहा होऊ द्या, माझं नाव चहानंतर. ते लंगडत असतील तर आपल्याला दिसलं नाही असं करा.

ता. क. तीन. पत्र पाकिटात घालण्याआधी स्टँडवर नूतनला वाचायला दिलं. या वेळी पुढे करून थांबलो. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं, लाथेपाशी हसली, आणि म्हणाली की मामांना लिही, मागणी घालताना "पोरीला इचारून आलोय" असं अण्णांपुढं छातीठोक सांगा. मी म्हटलं, म्हणजे मी समजू तरी काय? तर म्हणाली, "समजत बस मग. चारला पेटी उघडत्यात, आदी पत्र टाक."