उसनवारिणीचे भांडे

मी, शिवगंगा बसलिंगप्पा हालकुडे, वय सत्तेचाळीस, अविवाहित, व्यवसाय मुद्रितशोधन, राहणार औसा रोड, लातूर, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाही. पुढच्या आठवड्यात नांदेडला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, हल्ली यात घाबरण्यासारखे काही नसते. माझे आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेले, त्यामुळे "काही नसते" या शब्दांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. म्हणून हा कागद. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही.

कलम १. देह. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून, इष्टलिंग तळहातावर ठेवून पुरावे. उदगीरला आईच्या शेजारी जागा मिळाली तर उत्तम. भाषणे नकोत. बोलणाऱ्याला माझ्याबद्दल काय बोलावे हे सुचणार नाही आणि तो अवघडेल.

कलम २. घर. दोन खोल्यांचा हा फ्लॅट माझा धाकटा भाऊ वीरभद्र (राहणार नांदेड) याला मिळावा. वीरभद्र चांगला आहे. दिवाळीला न चुकता न्यायला येतो. पण मागच्या खेपेस हॉलमधले टेबल आणि त्यावरचे फासे पाहून तो आपल्या मुलीसमोर म्हणाला होता, "ताई, पन्नाशीला आलीस आन् भातुकली खेळून राहिलीस." तेव्हा मी पोहे वाढत होते, म्हणून उत्तर दिले नाही. उत्तर असे, की फ्लॅट त्याचा, टेबल त्याचे नाही.

कलम ३. बँकेत आणि पोस्टात जे असेल ते वीरभद्रची मुलगी शिवांगी हिच्या शिक्षणासाठी. तिला लातूरच्या शिकवण्यांना पाठवायचे की नाही, हे तिला विचारून ठरवावे. त्या शिकवण्यांचे प्रश्नसंच मी वर्षानुवर्षे तपासले आहेत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि बरोबर उत्तर एकच. असे फक्त छापील कागदावर असते, एवढे तिला कोणीतरी सांगावे.

कलम ४. अवजारे. लाल पेने, शब्दकोश आणि भिंग ज्याला हवे त्याने न्यावे. अपवाद एक. एका छापखान्याच्या मालकांनी माझ्या दुरुस्त्या न लावताच पुस्तक छापले आणि मुद्रितशोधक म्हणून माझे नाव मात्र टाकले. त्यांना भिंग मिळू नये. खरी गरज त्यांनाच आहे, तरीही मिळू नये.

कलम ५. टेबल, चार खुर्च्या आणि फासे. हे अमरेश चिद्रे याला मिळावे. अमरेश डाळमिलमध्ये हिशेब बघतो आणि रविवारी आमचा खेळ चालवतो. औषधाचे दुकान चालवणारी माझी मैत्रीण उज्वला हिची मुलगी पुण्याला गेली, तेव्हा हा खेळ मागे ठेवून गेली. एवढे रंगीत फासे टाकून कसे द्यायचे म्हणून उज्वलाने ते माझ्याकडे आणले. चौथा दयानंद, एसटीच्या वर्कशॉपमधला, मूळचा मुदखेडचा.

वाचणाऱ्याला खेळ ठाऊक नसेल. अमरेश गोष्ट सांगतो: किल्ला, जंगल, अंधारी विहीर. आम्ही तिघे त्या गोष्टीतली माणसे होतो. आपले माणूस जे करायला जाते ते साधते की फसते, हे वीस पैलूंचा फासा सांगतो. प्रत्येकाला एक पेशा असतो. कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी मांत्रिक. पेशांच्या ताकदीचा तोल सांभाळावा लागतो, नाहीतर एकजण सगळे राक्षस मारतो आणि बाकीचे चहा पीत बसतात.

कलम ६. उसनवारीण. हा पेशा कोणत्याही पुस्तकात नाही, तो मी घरी केला. माझ्या मालकीचे म्हणावे असे एवढेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी आई शेजारचे भांडे कधी रिकामे परत करत नसे. काही नसेल तर चमचाभर साखर, साखरही नसेल तर कढीपत्त्याची डहाळी. उसनवारीण त्यावरून सुचली. तिला मंत्र येतात, पण स्वतःसाठी वापरता येत नाहीत. ती मंत्र भांड्यात भरून सोबत्याला उसना देते. सोबत्याने तो वापरायचा आणि भांड्यात आपल्या शक्तीची चिमूट घालून ते परत करायचे. त्या चिमटीवर तिचा पुढचा मंत्र होतो.

टेबलावर आणण्याआधी मी तिची परीक्षा घेतली. संध्याकाळी आळीपाळीने चारही खुर्च्यांवर बसून खेळले. योद्धा मीच, वैद्य मीच, गोष्ट सांगणारीही मीच. उसनवारीण फार जोरकस निघाली, कोणताही राक्षस तिच्यापुढे टिकेना. म्हणून मी तिचे मंत्र कमी केले. तरी जोरकसच. पुन्हा कमी केले.

मग रविवारी ती टेबलावर आली आणि पहिल्याच लढाईत मेली. विहिरीतला सर्प वर आला. दयानंदच्या योद्ध्याने तिचा अग्निमंत्र वापरला आणि तो तसाच पुढे गेला. उज्वलाच्या वैद्याने दुसरे भांडे पुढे लागेल म्हणून झोळीत ठेवले. माझी उसनवारीण काठावर रिकाम्या हाताने उभी राहिली. मी मागू शकत होते. मागितले नाही.

अमरेश हळूच म्हणाला, "ताई, पेशा कमजोर न्हाई. चारी खुर्च्यांवर तूच बसून खेळलीस. तुझं भांडं तू कशाला इसरशील?"

त्याने उपाय सुचवला, की एक भांडे रोज सकाळी आपोआप भरावे. एका ओळीचा नियम, तोल लगेच बसला असता. मी नाही म्हणाले. आपोआप भरायला लागले तर ती उसनवारीण राहत नाही, एकटी राहणारी एक बाई होते. ती घरात आधीच आहे. दयानंद म्हणाला, उधारीवर दुकान चालवून कोण मोठं झालंय, बाई. तो गमतीने म्हणाला होता, मी मात्र फासे गोळा करून डब्यात भरले. त्यानंतर रविवार सुने गेले. एकाला लग्न निघाले, एकाला पाहुणे. मी टेबल पुसून ठेवत होते.

तर, उसनवारीण अमरेशला देत आहे. त्याने कोणताही आकडा बदलावा. अट एकच. भांडे आपोआप भरू नये.

कलम ७. साक्षीदार. वकील म्हणाले, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. मला सहीला बोलावता येतील अशी माणसे तीनच. कोणाला वारस करू आणि कोणाला साक्षीदार, यात एक दुपार गेली. शेवटी अमरेशला दिले आणि उज्वला व दयानंद यांना सहीला बोलावले. म्हणून त्या दोघांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. माझे डबे त्यांच्या घरी गेलेले आहेत, ते मात्र कोणी मागायला जाऊ नये.

कलम ८. (सहीच्या आधी हाताने वाढवले.) आज तिघेही आले. उज्वलाने येताना माझा डबा आणला, घासूनपुसून, आत खोबऱ्याच्या चार वड्या. म्हणाली, "गंगा, किती दिवसांचा राहिला होता. म्हटलं, जायच्या आधी देऊन टाकावा."

ज्याची वाट पाहिली ते हेच होते. पण डबा हातात घेतला आणि भीती वाटली. सगळे परत येऊ लागले, म्हणजे आवराआवर सुरू झाली. वड्या मी ताटलीत काढल्या आणि डबा तिच्या पिशवीत परत घातला. तिला सांगितले, ऑपरेशनहून आले की घेऊन ये.

आणि तेव्हा नियम सापडला. तो असा: जोवर उसनवारिणीचे एक जरी भांडे दुसऱ्याकडे राहिले असेल, तोवर ती मरत नाही. पडेल, निपचित होईल, पण मरणार नाही. भांडी परत आली तर तिला मंत्र मिळतात, राहिली तर जीव.

अमरेश बराच वेळ बोटांवर आकडे मांडत राहिला. मग म्हणाला, "बसतंय, ताई."

दयानंदने सहीसाठी पेन उघडले आणि म्हणाला, "माझ्याकडं तर तुझं कुकरबी हाय, बाई. तू काय लवकर जात न्हाईस."

हा नियम कलम ६ चा भाग समजावा. कुकर मागू नये.

लिहून ठेवणार: शिवगंगा बसलिंगप्पा हालकुडे (सही)

आमच्यासमोर, वाचून, समजून सही केली:
१. उज्वला मंगनाळे (सही)
२. दयानंद मुदखेडकर (सही)

स्थळ: लातूर, हॉलमधले टेबल
दिनांक: १६ फेब्रुवारी २०२५, रविवार